ड्रममधलं संत्र्याचं झाड

आमच्या रांझीच्या वसाहतीत जमिनीत कोणी झाड लावत नाही. क्वार्टर कारखान्याचं, एक दिवस सोडायचंच. म्हणून मिरची, तुळस, सगळं डब्यात. निघताना डबे उचलले की झालं.

माझ्या बायकोनं, शेवंतानं, संत्र्याच्या बियाही तुपाच्या डब्यातच पेरल्या. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर गेलो होतो. परतताना नागपूर स्टेशनावर तिच्या आईनं एक संत्रं तिच्या हातात ठेवलं, त्याच्याच त्या बिया. त्याच हिवाळ्यात आई गेली. "ती चव एकडाव पुन्हा पायजे," शेवंता म्हणायची.

एकच बी रुजली. तुपाचा डबा गेला, रॉकेलचा गेला, शेवटी लोखंडी ड्रम आला. नऊ वर्षांत फळ नाही, काटे मात्र बोटभर. माझी दोन बनियनं फाडली मेल्यानं. "बाभूळ पेरली तू," मी चिडवायचो. ती दुपारी ड्रमला टेकून डुलक्या घ्यायची आणि जागी झाली की सांगायची, "आई सोलून देऊन राहिली होती."

माझ्या रिटायरमेंटच्या वर्षी, थंडी ओसरताना, पहिल्या पाळीवरून आलो तर गल्लीभर गोड वास. सायकल धरून मी फाटकातच थबकलो. झाड फुलांनी पांढरं झालेलं, खाली शेवंता झोपलेली, केसांत पाकळ्या. क्षणभर वाटलं, आपणच तिच्या स्वप्नात शिरलो. मी तिला उठवलं नाही.

नोव्हेंबरअखेर पाटणच्या स्वतःच्या नव्या घरी जायला टेम्पो आला. फळं पिवळी झाली होती. चौघांनी जोर लावला, ड्रम हलेना. वाकून पाहिलं तर बूड केव्हाच गंजून गेलेलं आणि मुळं खोल जमिनीत.

"आरी आणतो," मी म्हणालो.

"राहू द्या. त्यानं घर केलं इथं," शेवंता म्हणाली.

तिनं एक संत्रं तोडलं, सोललं, फोड तोंडात टाकली.

"आंबट आहे," ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षं वाट पाहिली आणि हे.

"आईचंही आंबटच होतं," ती म्हणाली आणि फळ हातात धरून रडली. मग राहिलेल्या फोडी एकेक करून सावकाश खाल्ल्या. बिया रुमालात बांधल्या.

पाटणला पोचल्यावर सामानातून मी आधी तुपाचा रिकामा डबा शोधायला लागलो.

"डबा काहून शोधून राहिले?" म्हणत शेवंतानं माझ्या हातात कुदळ दिली.