दोन काठांचा मी

मित्रांनो, मला भेटायला निघालात तर तुमच्या चपला झिजतील, पण मी काही दिसणार नाही. मला भिंत नाही, दार नाही, साधी पाटीसुद्धा नाही. मी एक जुना मतदारसंघ आहे. नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं एक मध्यम आकाराचं शहर मिळून संसदेत एक खासदार पाठवतं, त्या सगळ्या मुलखाचं नाव म्हणजे मी. वय झालं आहे, पण प्रकृती ठणठणीत आहे. ती कशी राहिली, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. देशात पहिल्यांदाच निवडणूक व्हायची होती. नकाशा काढणारे गृहस्थ मोठे हुशार, फक्त चहाशिवाय त्यांचं पान हलत नसे. त्यांनी कप नकाशावरच ठेवला. नंतर त्यांच्या सहकाऱ्याने निळ्या पेन्सिलीने माझी हद्द गिरवली आणि कपाच्या बुडाचा गोल डागही इमानेइतबारे गिरवून टाकला. त्यामुळे माझं पूर्वेला पोट सुटलं आणि त्यात दगडखाणीची वस्ती आली. चूक लक्षात आली तेव्हा खाणकामगार म्हणाले, "आता आम्हाला बाहेर काढाल तर खबरदार!" मग पोट राहिलं ते राहिलंच. मला त्याची लाज नाही, उलट कौतुकच आहे.

माझ्या दोन काठांचं मात्र कधीच पटलं नाही. दक्षिण काठावर बाजार, छापखाने आणि मोठा दवाखाना. उत्तर काठावर गिरण्या, शाळा आणि रेल्वे स्थानक. दोघेही आपापला उमेदवार उभा करायचे आणि त्याच्यासाठी जिवाचं रान करायचे. पहिला निकाल कुठल्या काठावर वाचायचा यावरून असा वाद पेटला, की शेवटी अधिकाऱ्याने पुलाच्या मधोमध उभं राहून तो वाचला. पुढे तीच रीत पडली. तिला आणखी एक शेपूट जोडलं गेलं. निवडून आलेल्याने आधी हरलेल्या काठावर चालत जायचं आणि उभ्याउभ्या सगळ्यांची बोलणी खायची. खुर्ची मागायची नाही आणि घड्याळाकडे बघायचं नाही. एका खासदारबाईंनी तर भर उन्हात इतकी बोलणी खाल्ली, की हरलेला काठच वरमला आणि त्यांना सावलीत घेऊन गेला. पुढे त्याच काठावर त्यांनी घरोघरी नळ आणले. त्या दिवसांत माझी छाती अभिमानाने फुगलेली असायची.

मग हळूहळू लोकांना माझा विसर पडला. मतदानाची सुट्टी झोपेत किंवा बाहेरगावी जाऊ लागली. "आपल्या एकट्याच्या मताने काय होणार आहे?" असं म्हणून माणसं उंबऱ्यातूनच मागे फिरू लागली. एकदा पुलावर निकाल ऐकायला मोजकीच माणसं होती, आणि त्यातलं एक गळ टाकून मासे धरायला आलेलं. निवडून आलेले गृहस्थ रीतीप्रमाणे हरलेल्या काठावर गेले, तर त्यांना बोल लावायला कुणी आलंच नव्हतं. बिचारे थोडा वेळ थांबून परत आले. मला फार एकटं वाटलं.

आणि एक दिवस, मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आयोगाने मला मोडायचं ठरवलं. उत्तर काठ उत्तरेच्या शेजाऱ्याला द्यायचा, दक्षिण काठ दक्षिणेच्या. इथे मत द्यायला फारसं कुणी येत नाही, दोन काठांचं पटतही नाही, मग कुणाला फरक पडणार, असं त्यांचं म्हणणं. लोकांचं ऐकून घ्यायला नगरपालिकेच्या सभागृहात एक सुनावणी तेवढी ठेवली होती.

मला वाटलं, तिथेही कुणी फिरकणार नाही. पण मित्रांनो, सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा उरली नाही! आज अजिबात भांडायचं नाही, एका सुरात बोलायचं, असं दोन्ही काठांनी ठरवलं होतं. दक्षिणेकडून बोलणार होते एक छापखानेवाले, ज्यांना सगळं शहर दादा म्हणतं. उत्तरेकडून त्यांचीच सख्खी धाकटी बहीण. ती शिवणकाम करते आणि लग्न होऊन पलीकडे गेलेली आहे. समोर आयोगाच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या.

दादांनी घसा खाकरला. "आमचा दक्षिण काठ म्हणजे मूळ शहर. उत्तर काठ नंतर वसला, तरी आम्ही त्याला सांभाळून घेतलं."

झालं! बहीण ताडकन उठली. "सांभाळून घेतलं? दादा, पूल काय तुझ्या छापखान्यात छापला होतास का? आमच्या काठाची माणसं राबली, म्हणून उभा आहे तो!"

"आणि आराखडा कुणी काढला?"

"मग आराखड्यावरून चालून दाखव की!"

पाठोपाठ दोन्ही बाजू उठल्या. दगड आमच्या वस्तीचा होता, असं म्हणत खाणकामगारांनी दोघांनाही झापलं. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं.

अध्यक्षबाईंनी टेबलावर थाप मारली. "अहो, तुमचं एवढं पटत नाही, तर तुम्हाला वेगळं केलेलंच बरं की!"

दादा खाली बसले. बहीण मात्र उभीच राहिली आणि बोलली. "बाई, वेगळं केलंत तर मी भांडू कुणाशी? त्या शेजारच्या लोकांना मी ओळखतसुद्धा नाही. हा माझा भाऊ आहे. ह्याच्या उमेदवाराला पाडायला मी दर वेळी जिवाचा आटापिटा करते. आणि माझा नवरा आत्ता ह्याच्याच काठावरच्या दवाखान्यात आहे, रात्री उशाशी हाच बसतो. तो पूल खचायला लागलाय. दोन खासदार झाले की एक म्हणणार तुझा, दुसरा म्हणणार तुझा. मग पलीकडे जायचं कसं आम्ही?"

"मग मागच्या मतदानाला अर्धं शहर घरी का बसलं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

दादांनी मान खाली घातली. "चुकलंच आमचं. आपलं आहे ते जातंय कुठे, असं वाटायचं."

काही आठवड्यांनी निर्णय आला. मी आहे तसाच राहणार होतो, अगदी सुटलेल्या पोटासकट! इतक्या आपुलकीने भांडणाऱ्या माणसांच्या मधून हद्द काढता येणार नाही, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. त्या दिवशी दोन्ही काठांवर जो जल्लोष झाला, तसा मी जन्मात ऐकला नव्हता. पुढच्या निवडणुकीत मतदान केंद्रांबाहेरच्या रांगा पार कोपऱ्यावरून वळून गेल्या. बरा होऊन घरी आलेला बहिणीचा नवराही काठी टेकत रांगेत उभा होता. निवडून आलेल्या खासदाराने सगळ्यात आधी पुलाचं काम हाती घेतलं.

मला नेमकं कुणी वाचवलं, यावर दोन्ही काठांचं अजून एकमत नाही. दादा म्हणतात दक्षिणेने, बहीण म्हणते उत्तरेने. मी आनंदाने ऐकत राहतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमचाही एक मतदारसंघ असेल, माझ्यासारखाच न दिसणारा. त्याला रंग लागत नाही, तेलपाणी लागत नाही. त्याला फक्त तुम्ही लागता. म्हणून मतदानाच्या दिवशी चिडून या, कुरकुरत या, आपला उमेदवार हरणार हे ठाऊक असलं तरी या.