वेगळं ताट

सोफ्याच्या गाद्या शिवणाऱ्या कारागिराच्या यकृतात गाठ निघाली, तेव्हा मेव्हण्याने पहिलं काय विचारलं असेल, तर "दाजी लपूनछपून घेत होते का?" जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस. पण लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं? बायकोने भावाला तिथल्या तिथे गप्प केलं.

दारू नव्हती, ब प्रकारची कावीळ होती. मुलगी बोबडं बोलायची तेव्हा रक्तदानात सापडलेली. कारखान्यात एकच दाभण चौघांच्या हातात फिरायचा आणि चौघांच्या बोटांत घुसायचा; त्यातून आली असेल, नाहीतर आणखी कशातून.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की घरच्यांना तपासा, लस द्या आणि ह्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. बायकोच्या कानात शिरला तो फक्त 'संसर्ग'. मग तिने डोळ्यांत तेल घालून घर सांभाळलं. नवऱ्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण वेगळं. पोर बापाकडे धावली की ही मधेच उचलायची. पुढे पुढे बापच हात मागे घ्यायला शिकला. सोनोग्राफी दोनदा झाली. मग 'पोट दुखत नाही, भूक लागते, उगाच डॉक्टरांची घरं कशाला भरायची' असं तीच म्हणाली. ताटाला लावलेल्या शिस्तीतली चिमूटभर पोटाला लावली असती, तर गाठ लहान असतानाच हाती लागली असती.

आता मायलेकींचे रिपोर्ट आले होते. डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत घेतलं.

"तुम्हा दोघींना काही नाही."

"ताट वेगळं ठेवलं ना, म्हणून."

"ताटाचा काय संबंध? हा रोग रक्तातून जातो, सुईतून, ब्लेडमधून, संबंधातून, बाळंतपणात आईकडून. एकत्र जेवून किंवा मांडीवर बसून नाही. मुलगी वाचली ती जन्मल्यावर टोचलेल्या लशींमुळे. तुमचं मात्र नशीब. आज तुम्हीही लस घेऊनच जा."

ती वॉर्डात आली. नवऱ्याचे डोळे पिवळे, पोट पाण्याने फुगलेलं. आठवडाभर तो एकच विचारत होता, "पोरीचं काय?"

"काही नाही निघालं."

त्याला रडू फुटलं. "मनातल्या मनात तुझ्यावर फार चिडायचो गं. पण तुझंच खरं होतं. तू पोर वाचवलीस."

डॉक्टरांचं बोलणं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुलीने स्टूल पुढे ओढलं आणि बापाचा हात धरायला गेली. त्याने हात चादरीखाली घेतला.

"लांब बस, बाळा. एवढी वर्षं जपलं, आता शेवटाला कशाला?"

मुलीने आईकडे पाहिलं. आता सांगायचं, तर इतक्या वर्षांचा हिशेब द्यावा लागणार होता. तेवढी छाती तिच्यात नव्हती.

"बाबांचं ऐक," ती म्हणाली.

मुलीने स्टूल मागे घेतलं.