मिरचीतला पिवळा शर्ट

कुरुळीच्या ठकुबाईची अर्धी मिरची चुरडा-मुरडा रोगानं आकसून गेली होती. पानाखालची पांढरी माशी हा रोग पसरवते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून सकाळपासून ती माशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

तेवढ्यात तिचा लेक ऋतिक शिफ्ट संपवून, कंपनीचा नवा पिवळाधमक टी-शर्ट घालून थेट वावरात आला. बघता बघता त्याच्या पाठीवर माश्याच माश्या!

ठकुबाईचे डोळे चमकले. “काढ तो शर्ट!”

तिनं शर्टाला एरंडेल चोपडलं आणि तो उरलेल्या मिरचीत काठीवर टांगला. संध्याकाळपर्यंत माश्या चिकटून पिवळा शर्ट पांढरा दिसू लागला.

“आये, उद्या कंपनीत काय घालू?”

“जुना घाल. सायबानं इचारलं तर सांग, नवा माझ्या आईकडं ओव्हरटाइमला हाय.”