दोनशे बारा पानावरचं केशरी फूल

पोस्टमास्तर निवृत्त झाले, तरी एक सवय सुटली नाही: न उघडलेल्या पाकिटातला मजकूर आपल्याला ठाऊक आहे, असा चेहरा करून बसणं. चूक कबूल करणं हा प्रकार तर त्यांच्या नियमावलीतच नव्हता. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द ताईंनी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मरण्याआधी एकदा तरी ऐकायचेच, असा त्यांनी विडा उचलला होता.

संधी आणून दिली ती ताईंच्या धाकट्या भावाने. हा पाणीपुरवठा खात्यातला इंजिनिअर. निवृत्तीनंतर माणसं गुडघे सांभाळतात. याने पाचशे ऐंशी पानांचं आत्मचरित्र लिहिलं. नाव ‘व्हॉल्व्ह उघडताना’. पहिली प्रत अर्थातच भाऊजींना.

पोस्टमास्तर रोज दुपारी पुस्तक तोंडासमोर धरून बसत. पुस्तक अधूनमधून घोरत असे.

“कुठवर आलं?” ताई विचारत.

“रंगतंय,” पुस्तकामागून उत्तर येई.

खूण म्हणून आत घातलेला वर्तमानपत्राचा कपटा बाहेरून दिसायचाच नाही. म्हणजे पुरावा शून्य.

मग ताईंनी क्रोशाची सुई काढली. पोस्टमास्तरांचा वाढदिवस जवळ आलाच होता. रंग असा निवडला, की स्वयंपाकघरातून चष्म्याशिवाय दिसावा: भडक केशरी. साखळीचं छोटं कडं, त्यावर पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीला पाच खांब. पहिल्या खेपेला दोरा जास्त ओढला गेला आणि फूल वाटीसारखं वर वळलं.

“यात काय, अंडं ठेवायचं?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

ताईंनी निमूटपणे सगळं उसवलं. दुसऱ्या खेपेला हात सैल सोडला तेव्हा फूल छान सपाट बसलं. हिरव्या दोऱ्याची वीतभर साखळी हा देठ, टोकाला एक पान. देठ पुस्तकाच्या आत, फूल बाहेर.

“माझ्या हातचं आहे हो,” वाढदिवसाला ताई म्हणाल्या. “तुमचं वाचन किती झालं, ते आता सगळ्या घराला दिसेल.”

पोस्टमास्तरांना नेमका तेव्हाच ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून फूल पुढे सरकू लागलं. रोज दहा पानं, न चुकता, टपालाच्या शिस्तीत. एका बुधवारी ते आंघोळीला गेल्यावर ताईंनी फूल गुपचूप तीस पानं मागे नेलं. संध्याकाळी ते तिथून दहा पानं पुढे आलं. तक्रार नाही. पुढच्या आठवड्यात साठ पानं मागे नेलं, तरी साहेब प्रसन्न.

“आज काही नवीन?”

“अगं, सगळंच नवीन!”

शनिवारी संध्याकाळी फूल मागे न्यायला ताईंनी पुस्तक उघडलं. दोनशे आठ पानांनंतर पुढची सोळा पानं कोरी होती. छापखान्यात अख्खा फर्मा न छापताच शिवला गेला होता. आणि त्यातल्या चौथ्या पानावर, त्या स्वच्छ पांढऱ्या पानावर, देठ ऐटीत पहुडला होता. ताईंनी त्याला बोटही लावलं नाही. सरळ भावाला फोन लावला.

“उद्याच ये. तुझ्या पुस्तकावर भाऊजींना बोलायचंय.”

इंजिनिअर रविवारी सकाळी दत्त म्हणून हजर.

“खरं सांगा हं भाऊजी. आवडलं?”

“अरे, हातातून सुटत नाही.”

“कुठवर आलात?”

“तूच उघडून बघ ना,” ताईंनी लगबगीने पुस्तक पुढे केलं. “ते फूल आहे तिथे.”

इंजिनिअरने उघडलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. “हे... हे कोरं आहे!”

ताई खुर्ची पुढे ओढून बसल्या. आता फक्त दोन शब्द.

पोस्टमास्तरांनी पानात डोकावून पाहिलं. मग डोळ्याची पापणीही न लववता म्हणाले, “तेच तर. चार दिवस इथेच अडून बसलोय. पण लेखकाला सांगायचं कोणत्या तोंडाने?”

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

इंजिनिअरने पिशवीतली दुसरी प्रत काढून चाळली. तीही कोरी. त्याचे डोळे भरून आले.

“भाऊजी, तीनशे प्रती वाटल्या मी. प्रत्येकाने कळवलं, एका बैठकीत वाचून काढलं. आमचे मोठे साहेब तर शेवट वाचून रडले म्हणे. खरं वाचणारे निघालात ते तुम्ही एकटे!”

“चालायचंच,” पोस्टमास्तर नम्रपणे म्हणाले.

“मग ठरलं. दुसरा भाग लिहून तयार आहे, नऊशे पानं. गाडीतच आहे. आधी तुम्ही वाचायचं, माझ्यासमोर बसून. मी महिनाभर इथेच राहतो.”

पोस्टमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर कावळा बघत होत्या.

“ऐक रे,” ते अखेर पुटपुटले. “मी पुस्तक वाचलेलं नाही. एक पानसुद्धा नाही. नुसत्या थापा मारल्या. माझं चुकलं.”

इंजिनिअरने त्यांना कडकडून मिठी मारली. “किती हा विनय! ताई, ऐकलंस का?” आणि तो हस्तलिखित आणायला गाडीकडे धावला.

“नाही बाई, नीट ऐकू नाही आलं,” ताई म्हणाल्या. “अहो, जरा पुन्हा म्हणा ना. मोठ्याने.”