बाईंना सांगितलेली गोष्ट

चौथीच्या वर्गात जयवंता रोज झोपायची. शामलाबाई फळ्यावर गणित लिहून मागे वळल्या की तिचं डोकं पाटीवर टेकलेलं दिसे. त्यांनी रागावून पाहिलं, उभं करून पाहिलं. पोर उभ्यानंच पेंगायची. अखेर एका मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जवळ बसवलं, डब्यातली पोळी दिली आणि मायेनं विचारलं. खाता खाता तिनं सगळं सांगून टाकलं. आई घरामागे मोहाची दारू गाळते, आणि भट्टीत लाकडं सारायला रात्रभर तिलाच बसावं लागतं.

ही १९६८ सालची गोष्ट. नागपुरात दारूबंदी होती आणि कापडमिलमागच्या जयवंताच्या वस्तीत घरोघरी भट्ट्या होत्या. शामलाबाई धंतोलीतून सायकलनं येत. शाळेच्या फाटकापलीकडे वस्तीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पोरीचे हाल मात्र त्यांना पाहवेनात. चौकीतले जमादार नत्थूजी अधूनमधून शाळेत पाणी प्यायला टेकत. बाईंनी त्यांना जयवंताच्या आईचं, कांताबाईचं घर सांगितलं आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच धाड पडली. शिपायांनी भट्टीवरचं पिंप लाथेनं उलथलं आणि जाळाशी बसलेल्या जयवंताच्या पायांवर आंबवलेल्या मोहाचा उकळता सडवा सांडला. कांताबाईला गाडीत कोंबलं. पुढे तिला सजा झाली. पोरीला नत्थूजींनीच उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. वस्तीला मोह आणि गूळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या वाटेला मात्र कोणी गेलं नाही.

बाईंनीच चौकीत घर सांगितल्याचं वस्तीत कळलं आणि वर्ग ओस पडू लागला. जी मुलं येत, ती बाईंनी काही विचारलं की खाली पाहत. बाईले घरचं काही सांगाचं नाही, अशी ताकीद प्रत्येक आईनं दिली होती.

शामलाबाई संतापून चौकीत गेल्या. भट्टीशी बसलेलं लेकरूसुद्धा तुमच्या शिपायांना दिसलं नाही का, असं त्यांनी जमादारांना विचारलं.

नत्थूजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बाई, तुमी मले घर दाखोलं. माह्या हाती काठी हाय, मी काठी घेऊन गेलो. वरून धाडी मागतेत, अन् ठेकेदाराले हात लावाचा हुकूम नाही. त्या पोरीचा बाप मिलमध्ये मशीनीत सापडून मेला. हे ठाऊक होतं तुमाले?"

बाईंना ठाऊक नव्हतं.

"पोरीनं तुमाले सांगतलं होतं, मले नाही. माह्याकडे येण्याच्या आधी तुमी एक डाव तिच्या मायले काहून नाही भेटल्या?" त्यांनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली. "दवाखान्यात नेताना ते 'बाई, बाई' करून राहिली होती. मायचं नाव नाही घेतलं तिनं."

शामलाबाई तशाच दवाखान्यात गेल्या. जयवंतानं त्यांना पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तरी त्या रोज जात राहिल्या. शाळा सुटल्यावर वस्तीत घरोघर फिरू लागल्या. कोणी दार लावून घेई, कोणी तोंडावर बोले. त्या ऐकून घेत आणि पुढच्या दारी जात. नत्थूजींनीही पोरांच्या तोंडून कळलेल्या गोष्टीवर धाड घालायची नाही, असं ठरवलं आणि त्यापायी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. पोरीच्या जखमा भरल्या, पण पाय वाकडा तो वाकडाच राहिला.

कांताबाई सुटून आली तेव्हा शामलाबाई तिच्या दारी गेल्या. त्यांनी माफी मागितली, सीताबर्डीतल्या एका कापडवाल्याकडे तिच्यासाठी शिवणकाम ठरवल्याचं सांगितलं. कांताबाईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "काम करीन मी. पोरगीबी शाळेत येईन, शिकलीच पायजे ते. पन तुमच्या वर्गात नाही बसनार."

"बरं," शामलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जयवंताचा हात धरून त्यांनीच तिला चौथीच्या दुसऱ्या तुकडीत, शेजारच्या वर्गात नेऊन बसवलं.

वाचकहो, लेकरू विश्वासानं घरातलं दुःख सांगतं, तेव्हा ते आपल्याकडे आधार मागत असतं. तो द्यायचा तर आधी त्याच्या दारापर्यंत चालत जावं लागतं. कायदा भट्टी फोडू शकतो. त्या घरची चूल पेटती ठेवणं त्याला जमत नाही. ते काम तुमचं आमचं आहे, आणि ते आपण चौकीवर ढकललं, तर पाय कोणाचे भाजतात, हे शामलाबाईंना रोज त्या शेजारच्या वर्गाच्या दारातून दिसत होतं.