साखर निघाली तेव्हा

माझा धाकटा भाऊ भटू सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होता. त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले, वर पांढरी खपली. चाळीनं ठरवून टाकलं, रंग अंगात भिनला. त्यानं ते काम सोडलं आणि शहराबाहेर इच्छापोरला मजुरीवर लागला. चट्टे पाठीवर पसरले.

मला चौकशांची खोड. त्याच मशीनवर काम करणाऱ्या निंबाला काहीच कसं नाही? रंग सुटला तरी हे का सुटेना? विचारलं की भटू चिडायचा. प्लेगला वर्ष उलटलं होतं, तरी लागट रोग म्हटलं की सुरतेत माणसं दूर सरकायची. रंगाचं नाही म्हणजे हे लागटच, असा त्यानं निकाल लावला. त्याची मुलगी धनश्री रांगायला लागली, बापाकडे झेपावू लागली, पण हा उठून ओट्यावर जाऊन बसायचा. जन्मल्यापासून त्यानं तिला हात लावला नव्हता.

"ताई, मना हात लागना ते पोरले बी व्हई," म्हणायचा. मला रागही यायचा आणि जीवही तुटायचा.

शेवटी धनश्रीला कडेवर घेऊन मीच त्याला चामडीच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टर सुरतीच, पण मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी चट्टे पाहिले, सुटलेलं पोट पाहिलं, तहान फार लागते का विचारलं आणि रक्त तपासायला लावलं. चामडीसाठी रक्त कशाला, मी विचारलंच.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो. "सोरायसिस आहे, आणि साखरही निघाली," डॉक्टर म्हणाले. "रोगाशी लढणारे शरीराचे राखणदारच घरच्यांवर धावून जातात, म्हणून कातडी सुजते. सूज कातडीपुरतीच राहते असं नाही. अशा माणसांत साखर जास्त दिसते. नेमकं का, ते आम्हीही शोधतोय."

मी पुढचं विचारणार, तोच भटू बोलला, "म्हणजे हे बाहेरून लागलं नाही? माझं कुणाला लागायचं नाही?"

"घराण्यात कधी कधी उतरतं. पण शिवून, जवळ घेऊन कुणालाच लागत नाही."

भटू हसला. साखर निघाल्यावर हसणारा माणूस डॉक्टरांनी पाहिला नसावा. याला कळलंच नाही असं वाटून ते गोळ्या, पथ्य, चालणं पुन्हा समजावू लागले. मीच सगळं लक्षात ठेवलं. भटूनं तोवर धनश्रीला माझ्याकडून घेतलं होतं. तिनं त्याच्या कोपरावरच्या खपलीवर बोट फिरवलं. त्यानं हात मागे घेतला नाही.