पहिलं काज

रागाच्या भरात शाळेत जाऊ नये, असं आमच्या ह्यांनी मला हजारदा सांगितलं आहे. पण राग आल्याशिवाय शाळेत जायला मला सवड तरी कुठे असते? पुढच्या खोलीत माझं दुरुस्तीचं दुकान. नवे कपडे मी शिवत नाही. पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, काज-बटण करायचं, जाड झालेल्यांचे कपडे उसवून सैल करायचे आणि बारीक झालेल्यांचे आत घ्यायचे. बारीक झालेले फारसे कुणी येत नाहीत, ती गोष्ट वेगळी. सकाळी मशीनवर बसले की दुपारपर्यंत मान वर होत नाही. अशी बाई हातातलं काम टाकून शाळेत निघते, तेव्हा तिची तळपायाची आग मस्तकात गेलेली असते, हे समजून घ्यावं.

आमची मुलगी तिसरीत आहे. घरात तिला टाचणी म्हणतात. रांगायची तेव्हापासून फरशीवर पडलेल्या टाचण्या शोधून माझ्या हातात आणून द्यायची, आणि बोलायला लागली ती टोचूनच.

यंदा शाळेने गृहपाठाची नवी तऱ्हा काढली. दर पंधरवड्याला एक कागद घरी येतो. त्यावर नऊ चौकटी. मुलाने आपल्याला आवडेल ती एक चौकट निवडायची आणि तेवढंच करायचं. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. डोळे मिटून पाच आवाज ऐका आणि लिहा. एखाद्या गोष्टीचा शेवट बदला. एखादी प्रतिकृती बनवा. सातवी चौकट अशी होती: घरातल्या मोठ्या माणसाकडून त्याचं एक काम शिका, स्वतः करून बघा आणि कसं शिकलात ते लिहा. खाली ठळक अक्षरांत: ‘निवड मुलाची, काम मुलाचं.’ आणि त्याच्याही खाली पालकांच्या सहीची ओळ: ‘हे काम माझ्या पाल्याने स्वतः केले असून मी त्याला हात लावलेला नाही.’

खरं सांगते, मला हे आवडलं होतं. एकच उतारा दहा वेळा लिहून आणण्यापेक्षा हे शंभरपट बरं. पण आपल्याकडची मोठी माणसं मुलांना सुखाने काही करू देतील तर ना! महिन्याभरात कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराने काउंटरमागे फळीच मांडली. मी खडू आणायला गेले होते, तर मला विचारतो, “कुठली चौकट हवी ताई? ज्वालामुखी आहे, पवनचक्की आहे. सूर्यमाला संध्याकाळपर्यंत येईल.”

“मुलांनी करायचं असतं ना हे?” मी म्हटलं.

“मुलंच करतात. शेवटचा ग्रह चिकटवायचा ठेवलाय मी त्यांच्यासाठी,” तो म्हणाला. वर हसला.

टाचणीने सातवी चौकट निवडली. तिला काज शिकायचं होतं. मी म्हटलं, बाई गं, सोपं काही घे, धावदोरा घे. काज म्हणजे चांगलं कापड चिरायचं आणि त्या चिरेच्या कडेने एकाला एक लागून टाके घालत जायचं. मोठ्या बायका रडतात. ती म्हणाली, “निवड माझी आहे. कागदावर लिहिलंय.” झालं, माझं तोंड बंद.

सहा दिवस ती शाळेतून आली की माझ्या पायाशी बसायची. एका छोट्या पिशवीच्या तोंडावर तिने ओळीने चार काजं केली. दोन वेळा बोट टोचून घेतलं, एकदा वैतागून पिशवी भिंतीवर फेकली आणि स्वतःच उठून उचलून आणली. वहीत कसं शिकले तेही लिहिलं, पण मला वाचू दिलं नाही. “तू चुका काढतेस,” म्हणाली. सातव्या दिवशी सकाळी ती दात घासत होती तेव्हा मी पिशवीवरून एकदा हात फिरवला, लोंबते दोरे कापले, घडी घालून दप्तरात ठेवली आणि कागदावर सही ठोकली. मनात म्हटलं, बघाच आता आमच्या पोरीचं काम.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं: ‘काम मोठ्या व्यक्तीने केलेले आहे. मुलीने वहीत खोटे लिहिले आहे. पुन्हा करून आणणे.’

मी तीनदा वाचलं. “हे काय आहे?”

“बाई म्हणाल्या, परत करून आण,” टाचणी बूट काढता काढता म्हणाली.

“आणि खोटं कशाला म्हणतात त्या?”

तिने खांदे उडवले. बराच वेळ दुसऱ्या बुटाची नाडी सुटत नसल्यासारखं करत राहिली. मग म्हणाली, “वर्गात सगळे मला खोटारडी म्हणतात. डबा खाताना कुणी माझ्याजवळ बसलं नाही.”

“अगं, मग तू सांगायचंस ना बाईंना, की मीच केलंय म्हणून!”

“नाही सांगितलं.”

“का? तोंडाला कुलूप लावलं होतं का? आपलं खरं असून मूग गिळून बसायचं? ही सवय कुठून लागली तुला?”

ती उठली. आत गेली आणि दार लोटून घेतलं. आमचे हे जेवताना म्हणाले, “जाऊ दे गं. तिसरीतल्या गृहपाठाने कुणाचं काय अडलंय?” मी म्हटलं, “तुमची पोरगी आयुष्यभर खोटारडी म्हणवून घेईल, मग विचारीन कुणाचं काय अडलं ते.” त्यावर ते गप्प जेवले. शहाणे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकाचा कोट अर्धा उसवलेला तसाच टाकला आणि शाळा गाठली.

वर्गाबाहेरच्या लांब टेबलावर सगळ्यांचे प्रकल्प मांडले होते. ज्वालामुखी तीन होते, तिन्ही एकाच साच्यातले. पवनचक्कीला बॅटरी होती आणि तारांचे सांधे असे जोडलेले, की करणाऱ्याचं वय चाळिशीच्या अलीकडे असूच शकत नाही. सूर्यमालेचा शेवटचा ग्रह तेवढा तिरका होता. प्रत्येकावर सोनेरी चांदणी चिकटवलेली. आणि आमच्या पोरीला लाल शेरा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इतका वेळ जो राग पायऱ्या चढून दमला होता, तो ताजातवाना झाला.

बाई डब्याच्या सुट्टीत खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

“बाई, त्या बाहेरच्या पवनचक्क्या मुलांनी केल्या का हो? त्यांना चांदण्या, आणि सहा दिवस बोटं टोचून घेणाऱ्या माझ्या मुलीला वर्गासमोर खोटारडी? न्याय आहे का हा? ती गरीब गाय गप्प बसते म्हणून काहीही लिहायचं? मी स्वतः बघितलंय तिला शिवताना!”

बाईंनी मला बोलू दिलं. वर्गात डबे खाणारी मुलं चावायची थांबली. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, “त्या पवनचक्क्यांचं मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? पण त्यांनी वहीत चार ओळी इकडच्या तिकडच्या उतरवल्यात. ज्यांनी स्वतःचं काही लिहिलंच नाही, त्यांना पकडू कशावरून? तुमच्या मुलीने लिहिलंय. हे वाचा.”

त्यांनी टाचणीची वही पुढे सरकवली. मोठ्ठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं:

‘मी आईकडून काज शिकले. पहिलं काज उंदराने कुरतडल्यासारखं झालं आहे. दुसरं वाकडं आहे. तिसऱ्यात टाके जवळ जवळ आले. चौथं थोडंसं आईसारखं झालं. मी पहिलं काज मुद्दाम तसंच ठेवलं आहे. ते बघितल्याशिवाय चौथं चांगलं आहे हे कळणार नाही.’

“आता हे बघा,” बाई म्हणाल्या आणि पिशवी वहीवर ठेवली. “ती म्हणते पहिलं बिघडलंय. चारांत सगळ्यांत सुबक पहिलंच आहे. मला या वयात असं जमायचं नाही. मी तिला विचारलं, हे कुणी केलं? चार वेळा विचारलं. नुसती खाली बघत उभी राहिली. मी काय समजायचं?”

मी पिशवी हातात घेतली. स्वतःचा टाका ओळखायला मला चष्मा लागत नाही. पहिलं काज माझं होतं.

त्या सकाळी लोंबते दोरे कापताना पहिल्या काजाची कड सुटलेली दिसली होती. दोन दिवसांत पार उसवलं असतं. कात्री हातात होतीच. टाके काढले, कड साफ केली आणि पुन्हा घातले. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत काम झालंसुद्धा. आपण मदत करतोय असं मनातही आलं नाही, म्हणून तर लक्षातही राहिलं नाही. ज्या टेलर मास्तरांकडे मी शिकले, ते म्हणायचे, कच्चं काम उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. वीस वर्षं माझ्या दुकानातून गेलं नाही. हात आपोआप चालतात. आणि त्याच हातांनी मी खाली सही केली होती, हात लावलेला नाही म्हणून. हात दाखवून अवलक्षण ते याला म्हणतात. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

“हे मी केलंय,” मी म्हटलं. “पहिलं. बाकी तीन तिचीच आहेत.”

बाईंनी टाचणीला हाक मारली. ती डब्याचं झाकण हातात घेऊन आली आणि आम्हा दोघींपासून सारख्याच अंतरावर उभी राहिली.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“बाईंनी पिशवी उघडली तेव्हा कळलं.”

“मग बाईंना सांगितलं का नाहीस?”

“तू कागदावर सही केली होतीस, हात लावला नाही म्हणून. मी सांगितलं असतं तर तू खोटारडी झाली असतीस.”

आठ वर्षांची पोर. दोन दिवस एकटीने डबा खाल्ला होता तिने, आणि वरून घरी मी तिलाच ओरडले होते, तोंडाला कुलूप लावलं होतं का म्हणून. मला रडू यायला लागलं. मी तिला जवळ ओढायला गेले, तशी ती एक पाऊल मागे सरकली.

“पण तू उसवलंसच का ते?”

“अगं, वाईट दिसत होतं...”

“वाईटच होतं!” ती ओरडली. इतक्या जोरात ओरडताना मी तिला घरीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. “मी लिहिलं होतं ना वाईट आहे म्हणून! ते माझं होतं! आता चौथं कुणाला चांगलं वाटणारच नाही!”

  मी राग काढायला बाईंकडेच वळले, दुसरं कोण होतं? “तरीसुद्धा बाई, चाळीस मुलांसमोर तिला खोटारडी म्हणायचं काही कारण नव्हतं. बाजूला घेऊन विचारता आलं असतं. माझ्याकडे निरोप पाठवता आला असता.”

“आला असता,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चुकलं माझं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं. माझं मी आत्ताच सांगते वर्गाला. तुमचं कोण सांगणार?”

“माझं?”

“वर्गाने तिलाच खोटारडी ठरवलंय. माझी चूक मी सांगीन. तुमची सही मी कशी सांगू?”

घंटा झाली. मुलं डबे आवरून जागेवर बसली. बाई उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, “काल मी कागदावर जो शेरा लिहिला, तो चुकीचा होता. पुरती चौकशी न करता मी लिहिला आणि सगळ्यांसमोर बोलले. ते मी परत घेते.” मग त्या बाजूला झाल्या आणि माझ्यासाठी जागा केली.

गिऱ्हाइकांशी मी तासभर भांडू शकते. पण त्या चाळीस तोंडांसमोर माझा आवाज माझ्यापुरताच निघाला. पिशवी मुठीत चुरगळून मी म्हणाले, “ते पहिलं काज... मी उसवून परत केलं. हिला न विचारता. हिने लिहिलेलं सगळं खरं आहे. कागदावर खोटी सही मी केली.”

 मी पटकन दाराकडे वळले.

“आई,” टाचणी म्हणाली. ती तिच्या बाकाशी जाऊन उभी राहिली होती, हाताची घडी घालून. “मागच्या बाकांवर ऐकू गेलं नाही. परत सांग.”

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी वळले, मुलांसमोर सरळ उभी राहिले आणि शाळेत भांडायला म्हणून आणलेला सगळा आवाज लावून ते परत सांगितलं.